बाब्या, कारटं आणि विरोधी बाकावरचा मित्र

एक फोटो फिरायला लागतो. दोन कट्टर विरोधक नेते एकाच सोफ्यावर शेजारी बसून खळखळून हसताहेत. खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या: "आतून सगळे मिळालेले." "एकाच माळेचे मणी." "कार्यकर्त्यांनी डोकी फोडून घ्यायची आणि यांनी गळ्यात गळे घालायचे."

त्याच रात्री चर्चेच्या कार्यक्रमात एक राजकीय विश्लेषक पक्षांतराला 'चाणाक्ष खेळी' म्हणतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजूने हेच केलं तेव्हा त्याने 'लोकशाहीचा खून' असे शब्द वापरले होते. त्यावर फारसा गदारोळ होत नाही. त्याच्या बाजूचे टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या बाजूचे त्याला ऐकतच नसतात.

मला वाटतं, आपला राग चुकीच्या पत्त्यावर जातोय. त्या सोफ्यात दुटप्पीपणा असेलच असं नाही. त्या विश्लेषणात मात्र तो नक्की आहे.

दुटप्पीपणा कशाला म्हणायचं

मराठीत याची व्याख्या एका ओळीत तयार आहे: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं. खोडी एकच, पण ती कुणाच्या पोराने केली यावर तिचं नाव ठरतं.

यात तीन गोष्टींची गल्लत होते. बाजू घेणं हा दुटप्पीपणा नाही. कर कमी असावेत असं तुम्हाला वाटतं, म्हणून तसं म्हणणाऱ्या पक्षाला तुम्ही मत देता. यात लपवण्यासारखं काही नाही. मत बदलणं हाही दुटप्पीपणा नाही. "तेव्हा माझं चुकलं होतं" एवढं म्हटलं की हिशेब मिटतो. दुटप्पीपणा तेव्हाच होतो जेव्हा नियम तोच सांगितला जातो, पण लावताना माणूस बघून लावला जातो आणि वर आव तत्त्वाचा असतो.

क्रिकेटचं उदाहरण घ्या. गोलंदाज पायचीतसाठी ओरडतो तेव्हा तो नव्वद टक्के वेळा स्वतःलाच पटवत असतो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण तो कुणाच्या संघात आहे हे सगळ्यांना दिसतं. पंचाचं तसं नाही. यजमान देशाचेच पंच असण्यावरून इतकी वर्षं कुरबुर झाली, की १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच तटस्थ देशाचा आणि २००२ पासून दोन्ही तटस्थ देशांचे ठेवावे लागले. नेता आणि प्रवक्ता म्हणजे अपील करणारा गोलंदाज. भाष्यकार मात्र पांढरा कोट घालून उभा असतो, म्हणून त्याचं बोट एकाच संघासाठी वर जात असेल तर विचारणा व्हायला हवी.

दोन रिकाम्या खुर्च्या

उदाहरण मुद्दाम लांबचं घेतोय. जवळचं घेतलं की वाचणाऱ्याच्या मनात आधी 'आपला की त्यांचा' हा प्रश्न येतो आणि मुद्दा तिथेच बुडतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश असतात. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट हे वरिष्ठ सभागृह मंजुरी देतं आणि नेमणूक तहहयात असते. १३ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया वारले. राष्ट्राध्यक्ष होते डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा, सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकन पक्षाचं, आणि निवडणूक जवळपास नऊ महिने दूर. ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल म्हणाले, निवडणुकीच्या वर्षात ही नेमणूक नको, आधी जनतेला बोलू द्या. गार्लंड यांची साधी सुनावणीसुद्धा झाली नाही. तेव्हाच रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम जाहीरपणे म्हणाले होते की उद्या आमचा राष्ट्राध्यक्ष असताना शेवटच्या वर्षात अशी जागा रिकामी झाली, तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा.

वेळ आली. १८ सप्टेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या. निवडणुकीला ४६ दिवस उरले होते आणि राष्ट्राध्यक्ष होते रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प. या वेळी मॅकॉनेल यांना थांबायची गरज वाटली नाही. सुनावणी घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते तेच ग्रॅहम. मतदानाच्या दिवसाला आठ दिवस असताना, ५२ विरुद्ध ४८ मतांनी एमी कोनी बॅरेट यांच्या नावावर शिक्कामोर्तब झालं.

आणि डेमोक्रॅट? २०१६ मध्ये त्यांचं म्हणणं होतं, सिनेटने आपलं घटनात्मक कर्तव्य बजावावं, खुर्ची रिकामी ठेवू नये. २०२० मध्ये तेच म्हणत होते, जनतेला आधी मत देऊ द्या. त्यांच्यातल्या काहींचा युक्तिवाद नीट ऐकला तर तो वेगळा होता: "नियम तुम्हीच केलात, आता तुम्हीच पाळा." यात दम आहे. पण दोन्हीकडच्या भाष्यकारांनी चार वर्षांत एकमेकांची भाषणं अदलाबदल करून घेतली हे काही लपत नाही.

या दोन खुर्च्यांची आणखी एक गोष्ट आहे. ती पुढे येईल.

खोटं बोलतात की खरंच तसं दिसतं?

याचं उत्तर मला स्वतःला बरीच वर्षं चुकीचं माहीत होतं. मला वाटायचं, सगळं ठरवून चालतं.

नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकन शिक्षणसंस्थांमध्ये फुटबॉलचा सामना झाला. सामना धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या मुख्य खेळाडूचं नाक मोडलं, पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या अभ्यासकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाने किती नियम मोडले? डार्टमथच्या विद्यार्थ्यांना सरासरी ४.३ दिसले, प्रिन्स्टनच्यांना ९.८. पडदा एकच, फिल्म एकच, आणि कुणी मुद्दाम खोटं बोलत होतं असं दिसत नाही.

याला मानसशास्त्रात 'प्रेरित तर्क' म्हणतात: निष्कर्ष आधी ठरतो आणि कारणं मागून गोळा होतात. आपल्याला वाटतं डोक्यात न्यायाधीश बसलाय, पण बहुतेक वेळा तिथे वकील बसलेला असतो, आणि पक्षकार कोण हे त्याने कधीच ठरवून टाकलेलं असतं.

राजकारणात हा वकील किती पटाईत आहे ते जेफ्री कोहेन यांच्या २००३ च्या प्रयोगात दिसतं. विद्यार्थ्यांना गरिबांसाठीच्या सरकारी मदतीच्या योजना वाचायला दिल्या. एक सढळ हाताची, एक हात आखडून दिलेली. नुसत्या योजना दिल्या तेव्हा ज्याने त्याने आपल्या विचारसरणीप्रमाणे निवड केली. पण 'तुमच्या पक्षाचा पाठिंबा आहे' असं वर लिहिल्यावर उदारमतवाद्यांना काटकसरीची योजना पटली आणि परंपरावाद्यांना खैरातीची. पुढचा भाग मला जास्त बोचतो. पक्षाच्या नावाचा परिणाम झाला का असं विचारल्यावर त्यांचं म्हणणं होतं की आम्ही योजनेतले मुद्दे बघूनच ठरवलं. बाकीच्या लोकांवर मात्र पक्षाचा परिणाम होत असेल असं त्यांना वाटत होतं.

आकडे समोर असतानाही हे होतं. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात अमेरिकेतला महागाईचा दर १९८० मधल्या १३.५ टक्क्यांवरून १९८८ मध्ये ४.१ टक्क्यांवर आला. १९८८ च्या पाहणीत कट्टर डेमोक्रॅटांपैकी निम्म्याहून अधिक लोक म्हणाले, महागाईची स्थिती बिघडली. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात सरकारी तूट निम्म्याहून खाली आली, आणि १९९६ मध्ये बहुतेक रिपब्लिकन मतदारांच्या मते ती वाढलेली होती. म्हणजे ही कुणा एका बाजूची खोड नाही.

मग सगळं प्रामाणिक आंधळेपणच समजायचं का? तसंही नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच प्रश्नांच्या बरोबर उत्तराला थोडे पैसे देऊ केले, आणि दोन पक्षांच्या उत्तरांमधलं अंतर निम्म्याहून जास्त घटलं. खिशात काही पडणार म्हटल्यावर आठवण सुधारली! थोडक्यात, काही भाग खराखुरा भ्रम असतो आणि बराच भाग आपल्या संघासाठी पिटलेल्या टाळ्यांचा.

भाष्यकाराला हे परवडतं कसं

त्याला हेच परवडतं. दोन्हीकडे एकच फूटपट्टी लावणाऱ्याचा प्रेक्षक दर आठवड्याला थोडा थोडा गळतो: या सोमवारी हे नाराज, पुढच्या सोमवारी ते. एकाच बाजूला खूश ठेवणाऱ्याचा प्रेक्षक टिकतो, वाढतो, त्याच्यासाठी भांडतोसुद्धा. शिवाय एकदा असा प्रेक्षक जमला की तोच लगाम धरतो. अशा भाष्यकाराने एखाद दिवस आपल्या बाजूची चूक दाखवली तर 'विकला गेला' हे दोन शब्द तासाभरात येतात. मी त्याची कीव करतो असं नाही, पण त्याला तिथे बसवणाऱ्यांत आपणही असतो.

"तेव्हा कुठे गेला होता तुमचा धर्म?"

रथाचं चाक रुतल्यावर कर्णाने धर्मयुद्धाचे नियम काढले, तेव्हा त्याच्या तोंडावर फेकलेला हा प्रश्न आजही प्रत्येक वादात हजर असतो. आक्षेप असा: तुम्ही काल गप्प होतात, म्हणून आज बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही.

प्रश्न बिनतोड आहे, पण तो कशाला उत्तर देतो ते बघा. भर सभेत द्रौपदीची विटंबना होताना कर्ण कसा वागला, हे त्याने उघडं पडतं. रथातून खाली उतरलेल्या माणसावर बाण सोडावा का, हा प्रश्न तसाच राहतो. आरोप करणारा दुटप्पी असणं आणि आरोप खोटा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पक्षाचा भ्रष्टाचार निघाल्यावर 'त्यांनी किती खाल्ले ते बघा' म्हणणारा स्वतःचा बचाव करतच नाही. तो फक्त दुसऱ्याला सोबतीला ओढतो.

"पण परिस्थिती वेगळी होती"

कधी कधी खरंच वेगळी असते. २०२० मध्ये मॅकॉनेल यांनी हेच सांगितलं: २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचे आणि सिनेट दुसऱ्याचं होतं, आता दोन्ही एकाच पक्षाचे आहेत. हा फरक खोटा नव्हता, आणि त्यांच्या आधीच्या काही विधानांत त्याचा उल्लेखही सापडतो. पण लोकांना ठणकावून सांगितलं गेलं ते 'जनतेला बोलू द्या' हे तत्त्व, आणि त्या तत्त्वाला अशी अट चिकटवलेली नव्हती.

माझी कसोटी साधी आहे. ज्या फरकाकडे आज बोट दाखवताय, तो गरज पडण्याआधी, ठळकपणे सांगितला होतात का? निकाल लागल्यावर सापडलेले फरक बहुधा वकिलाने आणलेले असतात.

आणखी एक आक्षेप येतो: "म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच वाईट?" अजिबात नाही. दोन माणसांना एकाच तराजूत तोलायचं म्हटलं, तर दोघांचं वजन सारखं भरेल असं थोडंच आहे? एकाचे अपराध दसपट असू शकतात. तसे असतील तर ते त्या तराजूत दिसतीलच, त्यासाठी काट्याला हात लावायची गरज नाही.

आता त्या सोफ्याकडे

स्कालिया आणि गिन्सबर्ग, ज्यांच्या खुर्च्यांवरून दोन्ही पक्षांनी आपापले शब्द गिळले, ते एकमेकांचे जिवलग मित्र होते.

स्कालिया परंपरावाद्यांचे हिरो आणि गिन्सबर्ग उदारमतवाद्यांच्या. १९८० च्या दशकात खालच्या अपील न्यायालयात सहकारी असल्यापासून मैत्री. दोघांना ऑपेराचं वेड, दोन्ही कुटुंबं नव्या वर्षाचं स्वागत एकत्र करायची. १९९४ मध्ये दोघं भारतात आले तेव्हा एकाच हत्तीवर बसल्याचा फोटो प्रसिद्ध आहे. आणि निकालपत्रांत? गर्भपात, समलिंगी विवाह, वर्णाधारित प्रवेश: मोठ्या वादांत दोघं समोरासमोर.

१९९६ चा व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटचा खटला जवळून बघण्यासारखा आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या या लष्करी संस्थेत फक्त मुलांना प्रवेश होता. मुलींनाही प्रवेश द्यावा लागेल, हे बहुमताचं निकालपत्र गिन्सबर्ग यांनी लिहिलं. सात विरुद्ध एक असा निकाल होता आणि तो एकटा विरोधक म्हणजे स्कालिया. त्यांचं मतभेदाचं टिपण झणझणीत होतं. पण ते पक्कं होण्याआधीच त्यांनी गिन्सबर्ग यांच्या हातात मसुदा ठेवला, म्हणजे त्यांना उत्तर द्यायला जास्त दिवस मिळावेत. गिन्सबर्ग यांनी पुढे सांगितलं की त्या मसुद्याने शनिवार-रविवारची वाट लावली, पण त्याला उत्तर देता देता आपलं निकालपत्र कितीतरी चांगलं झालं.

मसुद्यातला एकही घाव स्कालियांनी बोथट केला नाही. फक्त आपल्या युक्तिवादाला समोरून सर्वात चांगलं उत्तर यावं, याची सोय केली. प्रेरित तर्कावर मला माहीत असलेला हा सगळ्यात चांगला उतारा आहे. डोक्यातल्या वकिलाला आपण स्वतः फारसं पकडू शकत नाही. त्याला पकडायला समोरच्या बाजूचा, पण आपलं वाईट न चिंतणारा माणूस लागतो.

असा माणूस आयुष्यात नसला की समोरच्यांचं फक्त व्यंगचित्र उरतं. अमेरिकेतल्या एका पाहणीत लोकांना विचारलं, रिपब्लिकन मतदारांपैकी किती जणांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या वर असेल? लोकांचा अंदाज सरासरी ३८ टक्के होता. खरा आकडा जेमतेम २. डेमोक्रॅटांबद्दलचे अंदाजही असेच हवेत होते. १९६० मध्ये 'तुमच्या मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का' या प्रश्नाला दोन्हीकडचे फक्त ४-५ टक्के हो म्हणाले होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश हो म्हणाले.

"शेवटी सेटिंगच ना ते?"

असू शकतं. सेटिंग अस्तित्वात नाही असं म्हणणारा माणूस राजकारण वाचत नसावा. पण मैत्री आणि सेटिंग यांत फरक करता येतो, आणि त्यासाठी फोटो कामाचा नाही. कागद बघायचा: मतदान कसं झालं, सभागृहात कोणते प्रश्न विचारले, कोणती चौकशी मध्येच थंडावली, कुणाविरुद्ध दुबळा उमेदवार दिला गेला. मैत्रीची किंमत जनतेच्या खात्यातून जात असेल तर ते सेटिंग.

गिन्सबर्ग यांच्या वाढदिवसाला स्कालिया गुलाब द्यायचे. मोठ्या, काठावरच्या खटल्यांत त्या गुलाबांनी तुम्हाला त्यांचं एक तरी मत मिळवून दिलं का, असं एका न्यायाधीशाने चेष्टेत विचारल्यावर स्कालियांनी तसा एकही खटला सांगितला नाही. सेटिंगच्या आरोपाला यापेक्षा चांगला बचाव कुठला?

उलटही लक्षात ठेवावं. ज्यांचे एकत्र फोटो कधीच निघत नाहीत, त्यांच्यातही व्यवहार बिनबोभाट चालू शकतात. जाहीर शत्रुत्व हा सेटिंग झाकायचा सगळ्यात स्वस्त पडदा आहे.

"ज्यांनी आमची माणसं मारली त्यांच्याशी हसायचं?"

हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. दोन न्यायमूर्तींनी ऑपेरा एकत्र बघणं सोपं आहे. निकालाची झळ त्यांच्या घरात येत नसते.

ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये सामील व्हायचं, यावरून उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षं चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. इयन पेझली हे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक, तडजोडीला 'कधीच नाही' म्हणण्यासाठी प्रसिद्ध. मार्टिन मॅकगिनेस हे आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेचे एकेकाळचे म्होरके. मे २००७ मध्ये हे दोघं एकाच सरकारचे प्रमुख आणि उपप्रमुख झाले. इतके हसायचे की वृत्तपत्रांनी त्यांना एका विनोदी जोडगोळीचं नाव चिकटवलं. ते टोपणनाव कौतुकाचं होतं तसंच टोमण्याचंही. पेझलींना झळ बसली ती घरातूनच. स्वतः स्थापन केलेल्या चर्चच्या प्रमुखपदावरून ते २००८ मध्ये पायउतार झाले. सत्तेतली ही भागीदारी तिथल्या अनेकांना पचली नव्हती. २०१४ मध्ये ते वारले तेव्हा मॅकगिनेस म्हणाले, मी एक मित्र गमावला.

ज्यांची मुलं त्या तीस वर्षांत गेली, त्यांनीही तसंच हसावं असं मी म्हणू शकत नाही. क्षमा करायची की नाही, हा त्यांचा प्रश्न. पण राज्य चालवणाऱ्यांनी एका खोलीत बसणं आणि पीडितांनी विसरून जाणं या दोन मागण्या वेगळ्या आहेत, आणि पहिलीला विरोध करण्यासाठी दुसरीची ढाल पुढे करणारे बरेचदा स्वतः पीडित नसतात.

नावं बदलून बघा

घरच्या घरी करता येईल असा एक प्रयोग आहे. राजकीय बातमी वाचताना दोन्ही पक्षांची नावं मनात अदलाबदल करायची आणि आपला राग तेवढाच राहतो का ते बघायचं. सांगायला सोपं आहे, पण चालू बातमीवर ते मला जमत नाही. वकील लगेच उठून उभा राहतो. जुन्या मजकुरावर जमतं.

म्हणून मी मित्रांच्या ग्रुपवरचे माझेच जुने मेसेज शोधले. एका आमदाराने पक्ष सोडला तेव्हा मी 'मतदारांशी गद्दारी' असं लिहून वर तीन उद्गारचिन्हं दिली होती. तीन वर्षांनी दुसऱ्या दिशेने तसाच प्रवास झाला, तेव्हा माझा मेसेज होता: 'राजकारणात परिपक्वता लागते.' दोन्ही एकाखाली एक चिकटवून मी त्याच ग्रुपवर टाकले. तिथे माझा एक मित्र आहे, वीस वर्षं माझ्याशी भांडणारा, कट्टर दुसऱ्या बाजूचा. मला वाटलं आता हा धुऊन काढणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःचे दोन मेसेज शोधून टाकले. विषय तोच, दिशा उलट. अंतर फक्त चार महिन्यांचं.

माझं तीन वर्षांचं होतं, म्हणजे तुलनेने मी बराच बरा, असं मी टाइप केलं. पाठवायच्या आधी पुसलं.